तहानेने आखलेली सीमा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व कडेला, मुलुंडच्या अंगाने, चतुर आणि त्यांच्या सडपातळ नातलग टाचण्या यांची वर्षभर नोंद ठेवली तर जे चित्र मिळते ते कोकणात आणि सह्याद्रीत इतरत्र मिळणाऱ्या चित्राशी बरेच जुळते. एप्रिल-मेमध्ये मोजक्याच जाती, त्याही पाण्याला धरून. जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर मोकळ्या जागांवर एकदम गर्दी. जुलै-ऑगस्टच्या मुसळधारेत ओढे फेसाळत धावतात तेव्हा पुन्हा ओहोटी, आणि पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत वर्षातला सर्वांत भरगच्च काळ. थंडीत संख्या उतरते, उन्हाळ्यात तळ गाठते. असा आलेख हाती आला की आपण त्याला निसर्गाचे वेळापत्रक म्हणतो आणि पुढे जातो. जंगल राखीव आहे, पाऊस ठरल्या वेळी येतो, किडे त्याप्रमाणे जन्मतात आणि मरतात. यात इतिहासाचे काय काम? काम आहे, आणि चांगलेच आहे. या वेळापत्रकाचा पावसाळी भाग मोसमी वाऱ्यांनी लिहिला हे खरे, पण उन्हाळी भागावर एकोणिसाव्या शतकातल्या पाणीपुरवठ्याची मोहोर आहे. कुठल्या पाण्यावरचे चतुर टिकले आणि कुठल्या पाण्यावरचे गेले, हे त्या काळच्या मुंबईला कुठले पाणी प्यायला हवे होते यावरून बरेचसे ठरले, असे माझे म्हणणे आहे. ते तपासायला मुलुंड हे नेमके ठिकाण आहे, कारण शहराच्या तहानेला डोंगराचा जो उतार उपयोगी पडला नाही, तोच मुलुंडच्या वाट्याला आला.

आधी किड्याची बाजू. चतुर म्हटला की पंख डोळ्यांपुढे येतात, पण पंख हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा आणि पुष्कळदा छोटा टप्पा असतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात राहते, कल्ल्यांनी श्वास घेते आणि पंखवाल्या चतुरापेक्षाही अधाशी असते. त्याचा खालचा ओठ कोपरासारखा दुमडून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो निमिषात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत शिकार अडकवून परत येतो. चतुराच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकाला, गुदाशयाच्या आत असतात. धोका वाटला की आत घेतलेले पाणी ते जोराने मागे सोडते आणि स्वतः पुढे फेकले जाते. टाचणीच्या पिल्लाला हे जमत नाही; तिच्या शेपटाला तीन पानांसारखे कल्ले असतात आणि ती अंग वळवत पोहते. वाढ पुरी झाली की पिल्लू गवताच्या काडीवर किंवा टाकीच्या भिंतीवर चढते, पाठ उकलते आणि पंखवाला जीव बाहेर पडतो. मागे राहते ती कोरडी, मातकट कात. ती जवळून पाहिली तर उकललेल्या पाठीतून पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचे जुने अस्तर, तेही तिथेच सोडलेले. एखाद्या पाण्याकाठी किती चतुर उडताना दिसले यापेक्षा तिथे किती काती सापडल्या हा पुरावा मी जास्त भरवशाचा मानतो. उडणारा कुठूनही आलेला असू शकतो. कात सांगते की हा इथेच वाढला.

मुंबईच्या हवामानात या जीवांपुढची खरी अडचण कोरड्या आठ महिन्यांची आहे. जून ते सप्टेंबर एवढ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मग जवळजवळ काहीच नाही. या कोरडीवर निरनिराळ्या जातींनी निरनिराळे तोडगे काढले आहेत. पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळसर, थव्याने फिरणारा चतुर सरळ देश सोडतो. पोटामार्का कंजेनर या जातीची अंडी वाळलेल्या काठावर, चिखलापाचोळ्यात कोरडा काळ काढतात आणि पाणी आले की फुटतात. पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या लेस्टेस वंशाच्या टाचण्यांतल्या काही जाती प्रौढ अवस्थेतच पाण्यापासून दूर, झाडीच्या सावलीत उन्हाळा काढतात आणि पाऊस आल्यावर प्रजननाला लागतात. आणि उरलेल्या अनेक जातींना यातले काहीच जमत नाही. त्यांच्या पिल्लांना बाराही महिने कुठेतरी पाणी लागते. म्हणजे पहिल्या गटाला पुढच्या वर्षीचा पाऊस पुरतो, दुसऱ्याला न उकरलेला काठ हवा, तिसऱ्याला झाडी आणि चौथ्याला न आटणारे पाणी. पाऊस कोणी निर्माण केलेला नाही. मात्र न आटणारे पाणी आणि न उकरलेला काठ या दोन गोष्टींना साष्टीवर, म्हणजे हे उद्यान ज्या बेटावर आहे तिथे, इतिहास आहे.

साष्टीचे डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचे. उतार तीव्र, माती पातळ. पडलेले पाणी काही तासांत खाली येते आणि पावसाळा सरल्यावर काही महिन्यांत ओढ्याच्या पात्रात डबकी आणि गोटेच उरतात. पाणी धरून ठेवण्याची पहिली मोठी खटपट इथे भिक्षूंनी केली. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि त्यांच्या जोडीला कातळात खोदलेली टाकी, पाणी टाक्यांकडे वळवणारे पन्हळ. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे सुरू झालेली ही वस्ती जवळपास हजार वर्षे नांदली. तिथल्या शिलालेखांत लेण्यांबरोबर पाण्याच्या टाक्यांची दाने नोंदलेली आहेत, आणि दात्यांत कल्याणसारख्या बाजारपेठेतली माणसे आहेत. पुण्य माणसांनी जोडले, सोय इतरांचीही झाली. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा नावाचा चतुर कातळाच्या रंगाचा असतो, काळ्या-राखाडी ठिपक्यांचा. दगडावर पंख टेकून बसला की नजर त्याच्यावरून सरकून जाते. तो खडकातल्या डबक्यांत अंडी घालतो आणि आज शहरात सिमेंटच्या टाक्यांत, हौदांत, विहिरींत तितक्याच सहजतेने घालतो. त्याच्या दृष्टीने कान्हेरीचे टाके आणि इमारतीच्या आवारातला हौद यांत फारसा फरक नाही. गावोगावचे तलाव आणि विहिरी धरल्या तरी हे सगळे बारमाही पाणी तुकड्या-तुकड्यांचे होते. मोठे, उथळ काठाचे, पाणवनस्पतींनी भरलेले असे स्थिर पाणी या डोंगरांत १८६० पूर्वी फारसे नसावे.

१८६० हे वर्ष विहार तलावाचे. मुंबई बेटावर तोवर विहिरी आणि तळ्यांवर भागत होते. १८४५ च्या टंचाईनंतर समिती नेमली गेली, पण शिफारशी कागदावर राहिल्या. १८५४ ला पुन्हा पावसाने दगा दिला तेव्हा सरकार हलले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने मिठी नदीच्या उगमाकडचे खोरे अडवावे असे सुचवले. १८५६ ला काम सुरू झाले, मातीचे तीन बंधारे बांधले गेले आणि खोऱ्याचा तलाव झाला. वस्ती वाढली, तहान पुरी पडेना, तेव्हा १८७२ ला तुळशी तलावाचे काम निघाले आणि १८७९ ला पुरे झाले. आजच्या हिशेबात विहारमध्ये २७,६९८ दशलक्ष लिटर आणि तुळशीत ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी मावते. शहराला होणाऱ्या पुरवठ्यात या दोघांचा वाटा आता जेमतेम, पण त्या काळी सगळी मदार त्यांच्यावर होती. आणि पहिली काही वर्षे हे पाणी गाळून देण्याची सोय नव्हती, गाळण्या नंतर आल्या. पाणी स्वच्छ हवे तर ते जिथून येते तो डोंगरच स्वच्छ ठेवायला हवा, हे उघड होते. पाणलोटात वस्ती नको, शेती नको, गुरे नकोत, हा नियम आला तो चतुरांसाठी नाही, बिबट्यांसाठी तर मुळीच नाही. कॉलऱ्याच्या धास्तीने ग्रासलेल्या शहरासाठी आला. पुढे याच मुलखात आधी कृष्णगिरी, मग बोरिवली आणि १९८० च्या दशकापासून संजय गांधी या नावांनी राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, ते वाढत सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे झाले. तोवर त्याचा गाभा शतकभर राखला गेलेला होता, आणि तो वनखात्याइतकाच पाणीखात्याने राखला होता.

हे नुसते योगायोगाचे कथन आहे, कारण-परिणाम नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पवईत आहे. १८९० च्या सुमाराला त्याच मिठीच्या एका फाट्यावर, विहारच्या अगदी शेजारी, पवईचा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी पिण्याजोगे निघाले नाही आणि शहराने त्याचा नाद सोडला. पिण्याचे पाणी नाही म्हटल्यावर पाणलोटाला कुंपण घालण्याचे कारणही उरले नाही. एकाच नदीची ही दोन लेकरे, एकच पाऊस, एकच खडक, आणि बांधणीत तीस वर्षांचे अंतर. आज विहारचा काठ जंगलाचा आहे आणि पवईचा काठ शिक्षणसंस्था, रस्ते, मनोरे यांचा. पवईवर जलपर्णीचे थर साचतात, सांडपाण्याची तक्रार वारंवार होते. तिथे चतुर नाहीत असे नाही. उलट ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा, गढूळ आणि घाण पाणी सोसणारा चतुर अशा ठिकाणी ढिगाने असतो. संख्या मोजली तर पवई कदाचित मागे पडणार नाही. पण हा सगळीकडे तग धरणारा गडी आहे, आणि ज्यांना सावली, स्वच्छ पाणी, बुडालेल्या काड्या आणि न तुडवलेला काठ लागतो त्यांना असले पाणी परके असते. संरक्षित अधिवासातल्या विपुलतेचे आकडे वाचताना हा भेद सुटला तर आकडा फसवतो: शंभर चतुर एकाच जातीचे असू शकतात, आणि ती जात नाल्यावरचीच असू शकते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. १८६० पूर्वी या डोंगरांत कोणी चतुर मोजलेच नव्हते, मग तलावांनी काय बदलले हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ ला स्थापन झाली. तोवर विहार भरून जवळजवळ दोन तपे उलटली होती. पश्चिम भारतातल्या चतुरांची पहिली मोठी पाहणी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी १९२४ ला प्रसिद्ध केली आणि १९३३ ते १९३६ या काळात त्यांचे तीन खंड निघाले, जे आजही हाताशी ठेवावे लागतात. महाराष्ट्राची स्वतंत्र यादी १९९६ ला आली. २०१५ ला तिपले आणि कोपर्डे यांनी केलेल्या संकलनात राज्यातल्या जातींचा आकडा १३४ पर्यंत गेला. म्हणजे धरणापूर्वीची एकही यादी नाही, हे मान्यच करायला हवे. पण इतिहासात यादी हा एकच पुरावा नसतो. कुठली जात कशा पाण्यात वाढते हे आज तपासता येते आणि कुठले पाणी कधीपासून आहे हे दप्तरात सापडते. दोन्ही शेजारी ठेवली की अनुमान निघते. स्थिर, उन्हातल्या पाण्यावर राहणाऱ्या लाल क्रोकोथेमिस सर्व्हिलियासारख्या किंवा टोकदार हिरवट ऑर्थेट्रम सबिनासारख्या जातींना विहार-तुळशीने मे महिन्यातही हक्काची जागा दिली. त्या आधी नव्हत्या असे मी म्हणत नाही. गावतळ्यांवर आणि शेतांत असणारच. त्यांचे डोंगराच्या आत, बाराही महिने आणि अशा संख्येने असणे, ही गोष्ट मात्र बंधाऱ्यानंतरची. याच मापाने दुसरेही मान्य करावे लागते: मिठीच्या वरच्या खोऱ्यातला वाहता ओढा त्या तलावाखाली बुडाला, आणि वाहत्या पाण्यावर जगणाऱ्यांचे तिथले घर गेले. तेव्हा विहारचे आजचे वैविध्य हे मूळ रानाचे शिल्लक रूप नाही. ते बांधलेले आहे आणि मग राखलेले आहे.

मुलुंडची गोष्ट या बांधण्याच्या आणि राखण्याच्या बाहेरची आहे. डोंगराचा कणा ओलांडला की पाणी पूर्वेला, ठाणे खाडीकडे जाते. हे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. त्यांना अडवावे असे कोणत्याही अभियंत्याला वाटले नाही. वरचे उतार आज उद्यानात आहेत, पण ओढा पायथ्याशी येतो तिथे त्याला वाली नव्हता. एकेकाळी तो इथून भातखाचरांत शिरे, खाचरांतून मिठागरांच्या कडेने खाडीला मिळे. चतुरांच्या दृष्टीने ही एक सलग साखळी होती. वर सावलीतला ओढा, मधे चार महिने उथळ साचलेले भाताचे पाणी, खाली निमखारी डबकी, जिथे इश्नुरा सेनेगालेन्सिससारखी खारेपणा सोसणारी टाचणी जगू शकते. त्यातला मधला दुवा सर्वांत महत्त्वाचा. भातखाचर म्हणजे माशांचा ताप नसलेले, कोमट, अन्नाने भरलेले पाणी. पँटालाचे पिल्लू अशा पाण्यात दीडेक महिन्यात वाढून उडू शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला जो कळस आपण जंगलाच्या नावावर जमा करतो, त्याचा मोठा वाटा पूर्वी या खाचरांत पिकत असणार. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच पट्ट्यातून. त्यानंतर आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने आले, वसाहती आल्या, पुढे पूर्व द्रुतगती मार्ग आला. खाचरे भरली गेली, ओढ्यांना भिंती घातल्या आणि त्यांचे नाले झाले. विसाव्या शतकातल्या कोणत्याही संरक्षणाच्या कायद्याने भातखाचराला संरक्षणाची वस्तू मानले नाही. ते शेत होते, आणि शेताचा प्लॉट होतो.

यातला एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ ला शहरात आले, आणि त्याच्या मोठ्या नळवाहिन्या मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातून दक्षिणेला गेल्या. म्हणजे दूरच्या डोंगरातले पाणी मुलुंडच्या अंगणातून लोखंडी नळांत बंद होऊन जात राहिले, आणि मुलुंडच्या स्वतःच्या डोंगरातले पाणी गटारात. चतुराला बंद नळाचा उपयोग नाही. पुढे शहरात उघड्या पाण्याबद्दलचे मतही फिरले. चार्ल्स बेंटली यांनी १९११ ला मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि अ‍ॅनोफेलिस स्टेफेन्साय या डासाची पैदास विहिरींत आणि टाक्यांत होते हे दाखवले. नळाचे पाणी घरोघर येऊ लागलेच होते. विहिरी बुजवा नाहीतर घट्ट झाका, असा तगादा सुरू झाला. पारशी आणि हिंदू रहिवाशांनी धर्मकार्याला विहिरीचे पाणी लागते म्हणून विरोध केला, तरी पुष्कळ विहिरी गेल्या. हिवतापाने माणसे मरत होती. त्या निर्णयाला आज नावे ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. तरी त्या झाकणांखाली डासाच्या अळ्यांबरोबर त्यांना खाणारी पिल्लेही कोंडली गेली, हे कोणी हिशेबात धरले नव्हते. पुढे १९९० ला यांगूनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला: घरातल्या पाणी साठवण्याच्या भांड्यांत क्रोकोथेमिस सर्व्हिलियाची पिल्ले सोडली आणि डेंग्यूच्या एडिस डासाची संख्या खाली आली. तीच लाल जात, जी विहारच्या काठावर दिसते. अर्थात चतुर सोडले की मुंबईचा डेंग्यू जाईल असा अर्थ यातून काढणे भाबडेपणाचे होईल. तिथे पिल्ले मुद्दाम आणून, ठरावीक काळाने, लोकांच्या मदतीने सोडली होती.

राहिला उडण्याचा मुद्दा. हे जीव पंखांचे. त्यांना सीमा कसली? पँटालाकडे बोट दाखवून हे विचारणे सोपे आहे. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ ला मांडले की दर ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये उतरणारे चतुरांचे थवे भारताकडून येतात आणि वाऱ्यांच्या पट्ट्याबरोबर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. जाण्या-येण्याचा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, आणि तो एक चतुर पुरा करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मिळून होतो. अशा जीवाला उद्यानाची भिंत दिसतही नसेल. पण याच कारणाने त्याच्यासाठी उद्यानाबाहेरचे पाणी जास्त मोलाचे ठरते. त्याला पाऊस पडल्यावर लगेच भरणारी, उघडी, तात्पुरती डबकी लागतात, आणि ती घनदाट जंगलात कमी, मोकळ्या सपाटीवर जास्त. दुसरीकडे ओढ्याकाठच्या सावलीत राहणाऱ्या नाजूक टाचण्या फार दूर जात नाहीत. त्यांना एखादा रुंद, उजेडाचा रस्तासुद्धा अडचण वाटू शकतो. एकाला जंगलाबाहेरचे खाचर हवे आणि दुसरीला जंगलातला ओढा पायथ्यापर्यंत अखंड हवा. मुलुंडला दोन्ही मोडले. जे उडून जाऊ शकतात ते जातात, हे खरे. पण उडून जाणे आणि इथे पिढी वाढवणे यात फरक आहे, आणि तो कात शोधल्याशिवाय कळत नाही.

सीमेचा प्रश्न मुलुंडकरांना नवा नाही, फक्त तो चतुरांच्या निमित्ताने कधी पुढे आला नाही. १९७५ च्या खासगी वनांच्या कायद्याखाली डोंगरपायथ्याच्या जमिनी वन ठरतात की नाही, यावर इथली हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे टांगलेली होती. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याआधी १९९५ च्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने १९९७ ला उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले होते, त्याचे पडसाद वेगळेच उमटले. २०१६ ला उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. खाडीच्या बाजूला २०१५ ला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ ला त्याला रामसर दर्जा मिळाला. हे सगळे आवश्यकच होते. पण नकाशा पसरून पाहा: पश्चिमेला डोंगर राखीव, पूर्वेला खाडी राखीव, आणि दोहोंना जोडणारे पाणी कोणाच्याच यादीत नाही. मिठागरांच्या जमिनी घरांसाठी वापरण्याच्या योजना मुलुंड-भांडुप-कांजूरमार्गच्या पट्ट्याला आता येऊन भिडल्या आहेत. आणि १३ जुलै २०२४ ला ज्याच्या बोगद्याच्या कामाचा समारंभ झाला तो गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता उद्यानाच्या पोटातून ४.७ किलोमीटर जाणार आहे. बोगदा असल्याने वरचे झाड तुटत नाही, हा त्याच्या बाजूचा रास्त युक्तिवाद आहे. पण डोंगर म्हणजे नुसती झाडे नव्हेत. जानेवारीनंतर ओढ्यात जे थोडे पाणी झिरपत राहते ते खडकाच्या भेगांतून येते, आणि कुठल्या ओढ्यात ते कोणत्या महिन्यापर्यंत येत होते याची नोंद बोगद्यापूर्वी झाली नाही, तर नंतर वादाला तोंड फुटेल आणि उत्तर कोणाकडेच नसेल.

आपण इतके दूरवरचे मागत असू तर घरे कुठे बांधायची, असा सवाल येईलच, आणि मुंबईत तो टाळता येत नाही. मुलुंडचे सारे भात परत पेरा असे कोणी म्हणत नाही. पायथ्याशी ओढा जिथे अजून मातीच्या काठाने वाहतो तेवढे तुकडे तसेच ठेवणे, नाल्याचा तळ सिमेंटने न लिंपणे, बागेतल्या तळ्यात फवारणी करण्याआधी त्यात कोण राहते ते पाहणे, हे एखाद्या मनोऱ्याच्या वाहनतळाइतक्या जागेत बसते. नोंदींचे तर त्याहून स्वस्तात होते. दर पावसाळ्यात विहार आणि तुळशी भरून वाहू लागले की तारखेसह बातमी छापून येते, कारण ते पिण्याचे पाणी आहे. तो हिशेब पाणीखात्याच्या दप्तरात आहे. चतुरांची हंगामी मोजणी करणाऱ्यांनी आपल्या तक्त्यात जातीचे नाव आणि संख्या यांच्या शेजारी आणखी तीन रकाने घालावेत: पाणी वाहते की साचलेले, ते बांधलेले की आपसूक, आणि ते कोणत्या तारखेला आटले. मुलुंडच्या ओढ्यांपुरता तिसरा रकाना, माझ्या माहितीप्रमाणे, आजपर्यंत कोणी भरलेला नाही.